बिग-ब्लॉक ड्रॅग इंजिनातून जास्त ताकद कशी काढायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात मामांचं क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप होतं, त्यामुळे बोअर, फेसिंग, थाऊ हे शब्द पाढ्यांच्याही आधी कानावर पडले. आता बरीच वर्षं मिशिगनमध्ये आहे. गॅरेजमध्ये शेवरलेचं ४५४ बिग-ब्लॉक आहे, पाव मैलाच्या सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, म्हणजे ड्रॅगसाठी, स्वतः बांधलेलं. इथली आणि पुण्या-मुंबईकडची मराठी मुलं मला जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

आकडे शेवरले बिग-ब्लॉकचे आहेत. फोर्ड किंवा क्रायस्लरचं इंजिन असेल तर विचार हाच, मापं वेगळी. मापं इंचात आणि वजनं पौंडात ठेवली आहेत, कारण इथलं प्रत्येक पुस्तक आणि प्रत्येक गेज त्याच भाषेत बोलतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल.

बिग-ब्लॉक म्हणजे नेमकं काय?

शेवरलेकडे १९५५ पासून एक लहान व्ही-८ होतं, त्याला स्मॉल-ब्लॉक म्हणतात. १९६५ मध्ये ३९६ घनइंचांचं मोठं इंजिन आलं, १९६६ मध्ये ४२७ आणि १९७० मध्ये ४५४. स्मॉल-ब्लॉकमध्ये दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांतलं अंतर ४.४० इंच असतं, बिग-ब्लॉकमध्ये ४.८४. ही जागा आहे म्हणूनच मोठा बोअर आणि मोठे व्हॉल्व्ह बसतात.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ४५४ म्हणजे ७.४ लिटर, म्हणजे एकेक सिलिंडर साधारण ९३० सीसीचा. आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं.

याचे व्हॉल्व्ह सरळ ओळीत नसतात, वेगवेगळ्या कोनांत तिरके बसवलेले असतात. रॉकर कव्हर काढलं की स्टेम चहूकडे उभे दिसतात, म्हणून जुने लोक याला साळिंदर हेड म्हणायचे. १९७० च्या एलएस-६ नावाच्या ४५४ ला कंपनीने ४५० एचपी (अश्वशक्ती) लिहिले होते. त्या काळचे आकडे एअर फिल्टर, सायलेन्सर, पंखा असं काही न लावता उघड्या इंजिनावर मोजलेले असत, तेवढं लक्षात ठेवा.

पैसे मोजकेच आहेत. सगळ्यात आधी कुठे घालू?

सिलिंडर हेडमध्ये. मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला सांगितलं असतं तर मी हाच निवडला असता.

हिशोब करून बघा. चार-स्ट्रोक इंजिनाला मिनिटाला किती घनफूट हवा लागते (तिला सीएफएम म्हणतात) हे काढायचं असेल तर घनइंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. ४५४ ला ६५०० आरपीएमवर ८५४ सीएफएम लागते. ही सगळी हवा हेडमधल्या आठ इनटेक पोर्टांतूनच (हवा आत घेणाऱ्या वाटांतूनच) आत जाणार. दुसरा हिशोब: फ्लो-बेंचवर, म्हणजे पोर्टमधली हवा मोजणाऱ्या यंत्रावर, २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला, एका इनटेक पोर्टमधून जितके सीएफएम जातात त्याच्या साधारण दुप्पट एचपी हे इंजिन देऊ शकतं, बाकी सगळं जुळलं तर. पोर्ट ३०० सीएफएम देत असेल तर सहाशे एचपीच्या आसपास तुमची वेस आहे. त्यापलीकडे तुम्ही महागडा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घाला, मोठा कार्बोरेटर लावा, इंजिन आवाज जास्त करेल आणि पेट्रोल जास्त पिईल. ताकद तिथेच राहील.

जुन्या बीड हेडमध्ये तीन जाती मिळतात. ट्रकवर आलेले अगदी लहान पोर्टचे हेड, ज्यांना इथे पीनट म्हणतात, ते शर्यतीला घेऊ नका. ओव्हल पोर्ट आणि चौकोनी पोर्ट यांच्यात नवखा माणूस हटकून चौकोनी मागतो, कारण भोक मोठं दिसतं. पण पोर्ट फार मोठा झाला की खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि सिलिंडर नीट भरत नाही. ४५४ इंजिन ६२००-६५०० च्या आत फिरवायचं असेल तर व्हॉल्व्ह वाढवलेलं आणि व्हॉल्व्हखालचा कप हाताने नीट केलेलं ओव्हल हेड उत्तम काम करतं. त्याच्या वर जायचं असेल तर आजचे ॲल्युमिनियमचे हेड घ्या. पुढच्या चाकांवरचं बरंच वजनही उतरतं.

पोर्टिंग स्वतः करणार असाल तर भोक मोठं करण्याच्या मागे लागू नका. सीटच्या आतल्या अर्ध्या-पाऊण इंचाकडे आणि पोर्ट जिथे खाली वळतो त्या आतल्या वळणाकडे लक्ष द्या. हवा तिथेच भिंत सोडते. व्हॉल्व्ह सीटला तीन कोनांचं किंवा त्याहून चांगलं कटिंग करून घ्या. मामा हेड हातात घेतला की आधी पोर्टमध्ये करंगळी फिरवायचे. कुठे धार लागते ते बोटाला आधी कळतं, डोळ्याला मागाहून.

सगळे सिलिंडर सारखे का चालत नाहीत?

कारण हेडच तसा आहे. तिरक्या व्हॉल्व्हमुळे इनटेक पोर्ट जोडीजोडीने येतात आणि जोडीतला एक पोर्ट सिलिंडरच्या मध्याकडे वळतो, दुसरा भिंतीकडे. पहिल्याला लोक चांगला पोर्ट म्हणतात, दुसऱ्याला वाईट. दोघांतून येणारी हवा सारखी नसते, आत फिरतेही वेगळी. म्हणून आठही सिलिंडरांना सारखं पेट्रोल दिलं तरी काही प्लग कोरडे निघतात, काही ओले. बिग-ब्लॉकवर काम करताना आठ सिलिंडर म्हणजे आठ वेगळी इंजिनं आहेत असं समजून वागा. कार्बोरेटरच्या चार कोपऱ्यांत वेगळ्या मापाचे जेट (पेट्रोल सोडणाऱ्या तोट्या) लावावे लागले तर लावा, त्यात चुकीचं काही नाही.

फायरिंग ऑर्डरचा प्रश्नही यातलाच. मूळ क्रम १-८-४-३-६-५-७-२. यात ५ आणि ७ हे शेजारचे सिलिंडर पाठोपाठ पेटतात आणि मागचा कोपरा तापतो. ४ आणि ७ ची अदलाबदल केलेला कॅम घेतला तर क्रम १-८-७-३-६-५-४-२ होतो. मग शेजारची जोडी ४-२ ची होते, ती पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळ आहे. नवा कॅम घ्यायचाच असेल तर हा विचार करा. फक्त याच्यासाठी चालू कॅम काढू नका.

घनइंच वाढवू का? ४९६ चं काय म्हणतात?

४५४ चा बोअर ४.२५ आणि स्ट्रोक ४.०० इंच. ब्लॉक ६० थाऊ बोअर केला आणि ४.२५ इंच स्ट्रोकचा क्रँक टाकला की ४९६ घनइंच होतात. ३० थाऊवर थांबलात तर ४८९. आता या क्रँकचे भाग सहज मिळतात आणि जुना क्रँक ग्राइंड करून, तपासून घेण्याचा खर्च धरला तर फरक फार राहत नाही. तेव्हा इंजिन उघडलंच असेल तर स्ट्रोकर करा, म्हणजे लांब स्ट्रोकचा क्रँक टाका, असंच मी सांगतो.

दोन गोष्टी सांभाळा. बोअर करण्याआधी सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजून घ्या. कास्टिंगच्या वेळी कोअर सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत पातळ निघते आणि ६० थाऊ काढल्यावर ती शर्यतीत चिरते. दुसरं म्हणजे ४५४ चं मूळ इंजिन बाहेरून बॅलन्स केलेलं असतं, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाच्या डॅम्परवर आणि मागच्या टोकाच्या फ्लेक्सप्लेटवर वजन असतं. ३९६ आणि ४२७ आतून बॅलन्स केलेली आहेत. भाग मिसळताना ही गफलत झाली तर बेअरिंगं फार दिवस टिकत नाहीत.

कॉम्प्रेशन किती ठेवू?

कॉम्प्रेशन म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते. किती ठेवायचं हे इंधनावर अवलंबून. पंपावरचं चांगलं पेट्रोल आणि ॲल्युमिनियमचे हेड असतील तर १०.५ च्या आसपास, रेसिंग पेट्रोल असेल तर १२.५ ते १४. पण आकडा कसा गाठला याला आकड्याइतकंच महत्त्व आहे.

४९६ चा एक सिलिंडर १०१६ सीसी हवा घेतो. १२ कॉम्प्रेशन हवं तर पिस्टन वर असताना मोकळी जागा १०१६ भागिले ११, म्हणजे सुमारे ९२ सीसी राहिली पाहिजे. जुन्या ओपन-चेंबर हेडची पोकळीच ११९ सीसीच्या आसपास असते. त्यात गॅस्केटचे दहाएक आणि डेकचे (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापर्यंतचे) दोन-अडीच मिळवा, झाले १३१. म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर जवळजवळ ४० सीसीचा डोंगर हवा. ज्योतीला प्लगपासून पलीकडे जायला हा डोंगर ओलांडावा लागतो. जळायला वेळ लागतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे घ्यावं लागतं आणि ठोके येण्याचा, म्हणजे मिश्रण अवेळी भडकण्याचा, धोका वाढतो. लहान चेंबरचा हेड आणि सपाटसर पिस्टन यांनी तेच १२ गाठलं तर ताकद जास्त मिळते आणि इंजिनही निवांत राहतं.

पिस्टन वर आला की त्याचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यात साधारण ४० थाऊ अंतर ठेवा. तेवढ्याने तिथलं मिश्रण पिळून प्लगकडे फेकलं जातं. ब्लॉकचं डेक अशा बेताने फेसिंग करा की पिस्टन डेकला बरोबर येईल आणि उरलेलं काम ३९ थाऊच्या गॅस्केटवर सोडा. ॲल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड असतील तर ते ताणतात, अंतर जास्त ठेवावं लागतं. आणि चेंबर ब्युरेटने स्वतः मोजा. पर्स्पेक्सची पट्टी, थोडं ग्रीस आणि रंगीत पाणी एवढंच लागतं. कॅटलॉगमधल्या सीसीवर विसंबू नका.

दादा, कॅम कोणता घेऊ?

हा प्रश्न विचारण्याआधी पाच गोष्टी सांगा: गाडीचं वजन, गिअरचा रेशो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरचा स्टॉल (गाडी धरून ठेवली असताना इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढतं तो), कॉम्प्रेशन आणि हेडचा फ्लो. या पाच गोष्टी कॅम बनवणाऱ्या कंपनीला फोनवर सांगितल्या तर ती माणसं योग्य कॅम काढून देतात. मित्राच्या गाडीत छान चालला म्हणून घेतलेला कॅम तुमच्या गाडीत चालेलच असं नाही.

सर्वसाधारण सांगायचं तर पेट्रोलवर चालणाऱ्या ड्रॅग बिग-ब्लॉकला ५० थाऊ लिफ्टवर मोजलेली इनटेकची ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) २५० ते २७५ अंश असते आणि सॉलिड रोलर लिफ्टर असतात. ड्युरेशन वाढली की ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते, खालचं जातं. बहुतेक लोक एक नंबर मोठा कॅम घेतात. दोन कॅमच्या मध्ये मन अडकलं असेल तर लहान घ्या.

कॅम बसवल्यावर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची तबकडी) लावून तो छापील कागदाप्रमाणे बसलाय का ते तपासा. टायमिंग चेन, खाचा, पिन यांच्यात तीन-चार अंशांचा फरक सहज निघतो. कॅम थोडा पुढे बसवला तर खालचा टॉर्क वाढतो, मागे बसवला तर वरची ताकद.

मग माती लावून बघा. लहान मुलांची खेळायची क्ले पिस्टनच्या खाचांवर पाव इंच जाड थापायची, वर तेलाचं बोट फिरवायचं, जुनं गॅस्केट टाकून हेड आवळायचा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. हेड उचलला की क्लेमध्ये व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असतो. ठशाच्या तळाला ब्लेडने उभा काप घ्या आणि जाडी मोजा. इनटेकला निदान ८० थाऊ, एक्झॉस्टला १००. सगळ्यात कमी अंतर पिस्टन अगदी वर असताना नसतं. एक्झॉस्टचं त्याच्या दहाएक अंश आधी असतं आणि इनटेकचं दहाएक अंश नंतर. म्हणूनच पिस्टन वर आणून नुसता फीलर घातला तर फसायला होतं.

व्हॉल्व्ह स्प्रिंगवर एवढा खर्च कशाला?

बिग-ब्लॉकचा इनटेक व्हॉल्व्ह सव्वादोन इंचाचा आहे, जड आहे. स्प्रिंग कमी पडली की वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे बंद होत नाही, सीटवर आपटून उडतो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ६४०० नंतर रेघ अचानक थरथरायला लागली तर आधी स्प्रिंग बघा, इग्निशन नंतर.

कार्बोरेटर किती मोठा?

वरच्या हिशोबाने ४५४ ला साडेआठशे, ४९६ ला सुमारे ९३० सीएफएम. म्हणून साध्या बांधणीला ८५० आणि पुढच्या बांधणीला डॉमिनेटर नावाचा १०५० चा मोठा कार्बोरेटर. खाली सिंगल-प्लेन इनटेक मॅनिफोल्ड. मॅनिफोल्डचा पोर्ट आणि हेडचा पोर्ट समोरासमोर बसतात का ते गॅस्केट ठेवून, मार्किंग करून तपासा.

पेट्रोल पंपाची लाइन आठवणीने मोठी करा. सातशे एचपीचं इंजिन पूर्ण जोरात असताना तासाला सुमारे २१५ लिटरच्या वेगाने पेट्रोल ओढतं. गाडी सुटताना टाकीतलं पेट्रोल मागे जातं आणि लाइनमधलंही मागे ढकललं जातं, नेमकं तेव्हाच इंजिनाला सगळ्यात जास्त हवं असतं.

इग्निशन टायमिंग किती?

ओपन-चेंबर जुन्या हेडला एकूण ३६ ते ३८ अंश, बंद चेंबरला दोनेक अंश कमी, आजच्या चांगल्या हेडला आणखी कमी. ज्या हेडला कमी टायमिंग लागतं तो हेड चांगला जळतोय असं समजा. ३४ वर सुरुवात करा, दोन-दोन अंशांनी वाढवा, शेवटच्या खांबाजवळचा वेग वाढायचा थांबला की दोन अंश मागे या.

प्लग कसा वाचायचा?

हे एकदा शिकलात की अर्धी लढाई जिंकलात. नवे प्लग लावा, पूर्ण पाव मैल ओढा, रेघ ओलांडताच इग्निशन बंद करा आणि गिअर न्यूट्रलला टाका. गाडी फिरत फिरत पिटमध्ये आली की प्लगचं काम संपलं. मग आठही काढून लाकडी फळीवर क्रमाने ठेवा.

भिंग आणि टॉर्च हवी. बाहेरचा रंग बघून निर्णय घेऊ नका. पांढऱ्या पोर्सिलेनच्या मुळाशी, जिथे ते धातूत शिरतं, तिथे एक बारीक करडी कडी दिसते. तिथून पेट्रोल कमी-जास्त ते कळतं. कडी अजिबात नसेल तर मिश्रण कोरडं आहे, रुंद आणि काळी असेल तर जास्त पेट्रोल. टायमिंगसाठी वर वाकलेल्या पट्टीकडे बघा. तापून बदललेल्या रंगाची सीमारेषा पट्टीच्या वळणाच्या आसपास असावी. ती वळण सोडून पार खाली मुळाकडे गेली असेल तर टायमिंग जास्त झालंय. पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत चंदेरी ठिपके दिसले तर पुढची धाव मारू नका. ठोके येताहेत आणि ते चंदेरी ठिपके तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

बेअरिंग आणि रिंगांची मापं काय ठेवता?

बेअरिंगला जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दर इंच व्यासामागे साधारण एक थाऊ फट. मेन जर्नल पावणेतीन इंचाचं आहे, म्हणून पावणेतीन ते तीन थाऊ. रॉडला सव्वादोन ते अडीच. तेलाचा दाब दर हजार आरपीएमला १० पौंड.

याबाबतीत माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. पहिल्या बांधणीला ब्लॉक इथल्या एका मशीन शॉपमध्ये लाइन-होनिंगला (मेन बेअरिंगची भोकं एका रेषेत घासायला) दिला होता. परत आला तेव्हा सोबत टाइप केलेला कागद होता, पाचही मेन २.७ थाऊ. कागद इतका नेटका होता की मी बोअर गेज कपाटातून काढलाच नाही. तिसऱ्या धावेनंतर तेलाचा दाब गरम असताना बारा पौंडांनी खाली आला. फिल्टर कापला, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. घडीघडीत तांबूस चमक होती. पॅन काढला तर तीन नंबरच्या मेनचं अस्तर जाऊन खालचं तांबं उघडं पडलं होतं. मग मोजलं, दीड थाऊ. बाकीचे चार कागदाप्रमाणे होते. क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंगं आणि अख्खा उन्हाळा गेला. शॉपने चूक मानली नाही, पण गेज माझ्या कपाटात होता. तेव्हापासून कोणीही मोजून दिलेलं माप मी पुन्हा स्वतः मोजतो आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहितो. तुम्हीही तेच करा.

रिंगचा गॅप: साध्या पेट्रोलवर बोअर गुणिले साडेचार थाऊ, म्हणजे ४.३१ च्या बोअरला १९ थाऊ. नायट्रस (इंजिनाला जादा ऑक्सिजन देणारा बाटलीतला वायू) वापरणार असाल तर २८ ते ३०. उष्णतेने रिंगची टोकं एकमेकांना भिडली तर रिंग पिस्टनचा काठ तोडून वर येते.

तेलाचा आणि ताकदीचा काय संबंध?

बराच. क्रँक तेलात आपटत राहिला तर ती ताकद वाया जाते. खोल, खण केलेला पॅन, क्रँकखाली विंडेज ट्रे (तेल क्रँकपासून दूर ठेवणारा पत्रा) आणि शक्य असेल तर क्रँककेसमधली हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप लावा. व्हॅक्यूममुळे पातळ, कमी ताणाच्या रिंगाही नीट बसतात आणि घर्षण घटतं. फ्लॅट-टॅपेट कॅम असेल तर जस्ताचं प्रमाण जास्त असलेलंच तेल घाला, नाहीतर पहिल्या वीस मिनिटांत लोब घासून गोल होतात.

नायट्रस की ब्लोअर?

खर्चाच्या मानाने नायट्रस सगळ्यात जास्त देतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. शिवाय बाटलीतून सुटताना तो आत येणारी हवा थंड करतो. पण त्याच्याबरोबर जादा पेट्रोल गेलंच पाहिजे. पेट्रोलचा सोलेनॉइड अर्धा सेकंद अडकला तरी पिस्टनला भोक पडतं. दर ५० एचपीमागे टायमिंग दोन अंश मागे घ्यायचं, म्हणजे २०० एचपीच्या जेटला आठ अंश. पिस्टन फोर्ज्ड हवेतच. पहिल्यांदा लावत असाल तर १०० च्या जेटने सुरू करा आणि प्लग बघत वर चढा.

ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंप, म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ६-७१. हे नाव डिझेलमधून आलंय: जनरल मोटर्सचं टू-स्ट्रोक डिझेल, सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. त्याच्यावरचा ब्लोअर काढून पोरांनी शर्यतीच्या इंजिनांवर बसवला. ब्लोअर लावायचा तर कॉम्प्रेशन कमी करून इंजिन तळापासून त्यासाठी बांधावं लागतं. बाराच्या कॉम्प्रेशनवर वरून ठेवून चालत नाही.

मिथेनॉल वापरू का?

थंड राहतं, ठोके सहन करतं, ताकद थोडी जास्त देतं. मात्र इंधन दुपटीहून जास्त लागतं, आणि रात्री टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये ठेवून झोपलात तर ॲल्युमिनियम खातं. दर शर्यतीनंतर सगळं धुऊन, पेट्रोल फिरवून ठेवायची तयारी असेल तरच. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

टॉप फ्युएलवाले दहा हजारांवर एचपी कशी काढतात?

टॉप फ्युएल हा ड्रॅगमधला सगळ्यात वेगवान वर्ग. ५०० घनइंचांचं हेमी (अर्धगोल चेंबरचं इंजिन), प्रचंड ब्लोअर आणि नायट्रोमिथेन. या इंधनाच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. नियमाने ते ९० टक्क्यांपर्यंतच घालता येतं. २००८ मध्ये इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर या गाड्यांची शर्यत १३२० ऐवजी १००० फुटांची केली. ती इंजिनं प्रत्येक धावेनंतर उघडतात. आपल्या कामाशी त्यांचा संबंध कमी, प्रो-स्टॉक वर्गाकडे बघा. तिथेही ५०० घनइंच, पण ब्लोअर नाही, नायट्रस नाही. सगळी करामत हेड, कॅम आणि घर्षण यांची.

डायनोवर ६५० एचपी निघाले, तरी ट्रॅकवर गाडी पळत नाही. का?

आधी डायनोचा कागद कोणत्या करेक्शनचा (हवेच्या हिशोबाने केलेल्या दुरुस्तीचा) आहे ते बघा. जुनं एसटीडी करेक्शन ६० अंश फॅरनहाइटच्या थंड, कोरड्या हवेचं आहे. एसएई ७७ अंशांचं. तेच इंजिन एसटीडीवर सुमारे ४ टक्के जास्त दाखवतं. ६५० मधले पंचवीसेक तिथेच गेले.

मग पहिल्या ६० फुटांचा वेळ बघा. तिथे सेकंदाचा दहावा भाग वाचला तर शेवटी दीड-दोन दहावे भाग वाचतात. कन्व्हर्टरचा स्टॉल इंजिनाच्या टॉर्कच्या शिखराच्या जवळ नसेल तर सगळी मेहनत पहिल्या सेकंदात सांडते. मोठा कॅम आणि मूळ कन्व्हर्टर ही जोडी मी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या गाडीत बघतो. त्याच पैशात लहान कॅम आणि चांगला कन्व्हर्टर आला असता.

हवाही आहेच. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते. डेन्व्हरजवळचा बँडिमिअर ट्रॅक ५८०० फुटांवर होता, २०२३ पर्यंत तिथे शर्यती झाल्या, आणि तिथे सगळ्यांचेच वेळ मंदावत. आमच्याकडे मिशिगनमध्ये सूर्य कलला की हवा थंड आणि दाट होते. दुपारच्या आणि संध्याकाळच्या धावेची तुलना करून नव्या भागाला श्रेय देऊ नका.

डायनो नाही. ताकद वाढली हे कसं कळणार?

पाव मैलाच्या शेवटचा वेग बघा. वेळ टायरवर आणि सुटण्यावर अवलंबून असतो, शेवटचा वेग बहुतांशी ताकदीवर. सूत्र असं: वेग ताशी मैलांत घ्या, २३४ ने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा, आणि चालकासह गाडीच्या वजनाने, पौंडांत, गुणा. ३२०० पौंडांची गाडी १२६ मैलांनी रेघ ओलांडत असेल तर ५०० एचपी. काम करून ती १२९ झाली तर ५३६. तीन मैल म्हणजे छत्तीस एचपी, एक पैसा न देता मोजलेले.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक धावेचं तापमान, हवेचा दाब, टायमिंग, जेट, ६० फूट, वेग वहीत लिहा.

सुरक्षेचे नियम पाळायलाच हवेत का?

हो, आणि इंजिनाचा खर्च सुरू करण्याआधी त्यांचा खर्च बाजूला काढा. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग संघटनेच्या नियमांप्रमाणे जुन्या गाडीला ११.४९ सेकंद किंवा त्याहून वेगाला रोल-बार आणि ९.९९ पासून पूर्ण केज (चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा) लागतं, चालकाला परवानाही. ३२०० पौंडांच्या गाडीत ६०० एचपी म्हणजे हिशोबाने १०.२ सेकंद, तेव्हा तुम्ही त्या रेषेला भिडलेलेच आहात. १९७० मध्ये नामांकित ड्रॅग चालक डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या पायाचा पुढचा भाग गेला. त्यांनी पुढच्याच वर्षी इंजिन चालकाच्या मागे ठेवलेली गाडी आणून जिंकून दाखवली, आणि सगळ्यांनी ती पद्धत घेतली. फ्लेक्सप्लेट, डॅम्पर आणि गिअरबॉक्सचं कवच प्रमाणित असल्याशिवाय हे इंजिन चालू करू नका.

महाराष्ट्रात राहून यातलं काय करता येईल?

बिग-ब्लॉक मिळणं अवघड आहे. पण आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, आणि सरळ रेषेत घड्याळाशी शर्यत आपल्याला नवी नाही. विदर्भातला शंकरपट बघितलेल्या माणसाला सुटण्याचा क्षण म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. क्ले, डिग्री व्हील, ब्युरेट, प्लग वाचणं हे सगळं बुलेटवर किंवा जुन्या एस्टीमवर तसंच्या तसं शिकता येतं. कोल्हापूर, पुणे, नाशिकच्या मशीन शॉपांत हात असलेले कारागीर आहेत, त्यांच्याकडे शनिवारी जाऊन उभे राहा.

हंगामात इंजिन किती वेळा उघडायचं?

उघडण्याआधी तपासायचं. दर शर्यतीच्या दिवसानंतर फिल्टर कापा. टॅपेटची फट मोजा, एखादी अचानक वाढली किंवा घटली असेल तर रोलर लिफ्टर किंवा व्हॉल्व्ह बोलतोय. काही धावांनंतर स्प्रिंगा हेडवरच मोजा, एखादी बाकीच्यांपेक्षा मऊ पडली तर बदला. महिन्यातून एकदा लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरात दाबाची हवा सोडून गळती मोजणं) घ्या. गळती वाढली असेल तर कान लावा: कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा.